एकट्याने घ्यायची उडी

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी 25 मार्च 1997 रोजी ॲरिझोना राज्यातल्या युमा इथे विमानातून उडी घेतली. वय 72 वर्षं. अमेरिकी लष्कराच्या ‘गोल्डन नाइट्स’ या प्रसिद्ध पथकाचे जवान सोबत होते, पण पाठीवरची छत्री बुश यांची स्वतःची होती आणि जमिनीवर उतरले तेही स्वतःच. पुढे 12 जून 2014 रोजी, नव्वदाव्या वाढदिवशी, त्यांनी मेन राज्यात पुन्हा उडी घेतली. तोवर पायांनी साथ सोडलेली होती आणि चाकाची खुर्ची आली होती. या वेळी ते एका अनुभवी छत्रीधाऱ्याच्या अंगाला पट्ट्यांनी बांधलेले होते. छत्री कधी उघडायची, कुठे वळायचं, कुठे उतरायचं, हे सगळं त्या दुसऱ्या माणसाच्या हातात होतं.

दोन्ही उड्यांना लोक स्कायडायव्हिंगच म्हणतात. दुसऱ्या प्रकाराला ‘टँडम’ म्हणतात. अर्ध्या-एक तासाची माहिती ऐकायची, पट्टे बांधून घ्यायचे आणि प्रशिक्षकाबरोबर निघायचं. अपंगत्व असलेल्या कुणी आकाशातून उडी घेतल्याची बातमी येते, तेव्हा ती बहुतेक वेळा टँडमची असते. त्यात थरार पुरेपूर असतो, जबाबदारी मात्र पाठीमागच्या माणसाची. एकट्याने उडी घ्यायला शिकणं हा मुळातच वेगळा मामला आहे, कारण तिथे निर्णय आणि हात दोन्ही स्वतःचे लागतात.

भारतात एकट्याने उडी घेण्याच्या वाटेवरचं ठळक नाव आहे मेजर देवेंदर पाल सिंग यांचं. 15 जुलै 1999 रोजी, कारगिल युद्धाच्या काळात, अखनूर भागात 7 डोग्रा पलटणीचा हा पंचविशीतला अधिकारी सीमेवर असताना तोफगोळा त्याच्यापासून जेमतेम दीड मीटरवर फुटला. रुग्णालयात त्यांना मृत ठरवण्यात आलं होतं. एका ज्येष्ठ डॉक्टरला धुगधुगी जाणवली म्हणून उपचार सुरू झाले. उजवा पाय कापावा लागला, आतड्याचा काही भाग काढावा लागला, ऐकू येणं कमी झालं, गोळ्याचे कितीतरी तुकडे शरीरातच राहिले. 2007 मध्ये ते लष्करातून बाहेर पडले. 2009 मध्ये दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये धावले आणि पुढे वाकडी पट्टी असलेला कृत्रिम पाय लावून धावणारे ‘भारताचे पहिले ब्लेडरनर’ म्हणून देशाला माहीत झाले.

त्यांची उडी महाराष्ट्रात झाली. कर्तव्यावर असताना अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी लष्कराने 2018 हे वर्ष वाहिलं होतं. जनरल बिपिन रावत तेव्हा लष्करप्रमुख होते. अशा सैनिकांना साहसी खेळांची दारं खुली करायची, या धोरणातून मेजर सिंग यांना छत्रीचं प्रशिक्षण मिळालं आणि 28 मार्च 2019 रोजी नाशिकमध्ये त्यांनी एकट्याने उडी घेतली. अपंगत्व आलेल्या भारतीय सैनिकाने एकट्याने घेतलेली ही पहिली उडी असल्याचं तेव्हा जाहीर झालं. गोळा फुटला त्याला तोवर वीस वर्षं होत आली होती आणि ते 45 वर्षांचे होते.

अशा माणसाला शिकवताना प्रशिक्षक काय पाहतो? वैद्यकीय दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते. ती उडीच्या मैदानावर फारशी कामाची नसते, कारण तिथे मोजली जातात ती कामं. हवेत शरीर स्थिर ठेवणं, आपण किती उंचीवर आहोत हे सतत कळणं, ठरलेल्या उंचीला छत्री उघडणं, छत्री बिघडली तर ती सोडून राखीव छत्री उघडणं आणि शेवटी ती चालवत नीट उतरणं, एवढी पाच कामं ज्याला दर वेळी, कुणाच्या मदतीशिवाय जमतात त्याला एकट्याने उडी घेता येते. मग प्रश्न उरतो तो प्रत्येक काम या विशिष्ट शरीराने कसं करायचं याचा. त्याची उत्तरं कधी सरावातून निघतात, कधी शिवणयंत्रावर.

आधी नेहमीचं प्रशिक्षण समजून घेऊ. सध्या जगभर रुळलेली पद्धत ‘एएफएफ’ नावाने ओळखली जाते. ती 1980च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. दिवसभर जमिनीवर धडे होतात. पहिल्या उडीत दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून साधारण 13,000 फुटांवरून बाहेर पडतात. पहिल्या दहा-बारा सेकंदांत वेग वाढत जातो आणि ताशी 190 ते 200 किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. मग दर पाच-सहा सेकंदांना हजार फूट मागे पडतात. साडेपाच हजार फुटांच्या सुमाराला विद्यार्थी स्वतः छत्री उघडतो. तिथून प्रशिक्षक बाजूला होतात. म्हणजे अगदी पहिल्या उडीतही छत्रीखालची पाच-सहा मिनिटं विद्यार्थी एकटाच असतो. कानाशी रेडिओ असतो, जमिनीवरून कुणीतरी सूचना देत असतं, पण दोऱ्या ओढणारे हात त्याचेच.

पहिलं काम शरीर स्थिर ठेवण्याचं. पोट खाली, कंबर पुढे, हनुवटी वर, हात-पाय थोडे दुमडून पसरलेले, अशी कमान केली की शरीराचा जड मध्यभाग खाली राहतो आणि माणूस पालथा, स्थिर पडत राहतो. दोन्ही पायांवर वाऱ्याचा दाब सारखा हवा. एक पाय गुडघ्याच्या वर कापलेला असेल तर दोन बाजूंचा दाब बदलतो आणि शरीर आपोआप एकीकडे फिरू लागतं. हे फिरणं वेळीच थांबवलं नाही तर गरगर वाढत जाते, दिशा कळेनाशी होते, आणि त्याच अवस्थेत छत्री उघडली तर तिच्या दोऱ्यांना पीळ पडतो. उपाय साधाच आहे, पण अंगवळणी पडायला वेळ घेतो. उरलेल्या पायाची आणि हातांची ठेवण थोडी बदलून हा फरक भरून काढायचा. किती बदलायची, हे प्रत्येकाचं गणित निराळं.

मग कृत्रिम पायाचं काय? काही जण तो लावूनच उडी घेतात, काही जण काढून ठेवतात. लावला तर तो वाऱ्याने उपसून निघणार नाही अशा बेताने जादा पट्ट्यांनी बांधावा लागतो, कारण हजारो फुटांवरून सुटलेला पाय खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. कृत्रिम गुडघा मोकळा झुलणारा असेल तर वाऱ्यात तो स्वतःच्या मर्जीने वाकतो, त्यामुळे त्यालाही बंदोबस्त लागतो. पाय न लावता जायचं आणि मांडीचा उरलेला भाग फारच आखूड असेल, तर छत्रीच्या जोत्याचा (हार्नेसचा) मांडीभोवतीचा पट्टा निसटू शकतो. अशा वेळी ते जोतं त्या शरीराच्या मापाने वेगळं शिवून घ्यावं लागतं.

अंगावरची प्रत्येक वस्तू हवेत शरीराचाच भाग होते, हे मराठी वाचकांना एका वेगळ्या उडीवरून लक्षात येईल. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमध्ये 13,000 फुटांवरून नऊवारी नेसून उडी घेतली होती. 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेणाऱ्या आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळवणाऱ्या शीतल यांच्या गाठीला तोवर शेकडो उड्यांचा अनुभव होता. नऊवारीचा पदर वाऱ्यात फडफडून छत्रीच्या मुठीवर आला तर काय, हा प्रश्न तिथे होता. कृत्रिम पाय किंवा पायाला आधार देणारा साचा घालून उडणाऱ्यालाही आधी हेच विचारलं जातं.

कमरेखाली संवेदना आणि हालचाल नसलेल्यांची अडचण वेगळी. त्यांचे पाय वाऱ्याबरोबर हेलकावतात, कधी पाठीकडे दुमडले जातात. म्हणून दोन्ही पाय एकत्र बांधून त्यांची हालचाल मर्यादित करतात आणि दिशा ठरवण्याचं सगळं काम हातांवर, खांद्यांवर आणि छातीवर येतं. मज्जारज्जूला इजा किती वर झाली आहे, यावर इथे बरंच काही अवलंबून असतं. पोटाचे आणि पाठीचे स्नायू शाबूत असतील तर कमान धरता येते. हातांची पकडच कमजोर असेल तर एकट्याने उडी घेणं जवळपास अशक्य होतं आणि टँडमचाच पर्याय राहतो.

या सगळ्या सरावाला उभ्या वाऱ्याचा बोगदा फार उपयोगी पडतो. खालून ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने हवा सोडणारी ही काचेची उंच नळी असते. आत माणूस तरंगतो आणि प्रशिक्षक शेजारी उभा राहून हात-पाय हवे तसे वळवतो. खऱ्या उडीत मुक्त पतनाचं जेमतेम एक मिनिट मिळतं, बोगद्यात तेच मिनिट हवं तितक्या वेळा पुन्हा घेता येतं. कापलेल्या पायामुळे शरीर नेमकं कुठे आणि किती वळतं, हे इथे निवांत शोधता येतं. भारतातही हैदराबादला असा बोगदा आहे.

दुसरं काम उंची ओळखण्याचं. डोळस विद्यार्थी मनगटावरचं उंचीमापक बघतो. दिसत नसेल त्याच्यासाठी शिरस्त्राणात बसणारं बोलकं यंत्र असतं. ठरवलेली उंची आली की ते कानाशी जोरात वाजतं. छत्री उघडल्यावर मात्र अंध विद्यार्थ्याला वाऱ्याची दिशा, मैदानाची कड, जमीन किती जवळ आली, यातलं काहीच पाहता येत नाही, त्यामुळे रेडिओवरचा आवाज हाच त्याचा सगळा आधार असतो. बहिऱ्या विद्यार्थ्याचं याच्या अगदी उलट. मुक्त पतनात वाऱ्याच्या आवाजापुढे कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली भाषा सगळ्यांसाठी आधीपासूनच खुणांची आहे. एक बोट रोखलं तर छत्री उघड, दोन बोटं सरळ केली तर पाय लांब कर. अडचण येते ती छत्रीखाली, रेडिओ निरुपयोगी ठरतो तेव्हा. तिथे जमिनीवर मोठा बाण फिरवून दिशा दाखवणं किंवा हातवारे करणं हा मार्ग वापरतात. उंचीसाठी डोळ्यांच्या कडेला लुकलुकणारे दिवेही मिळतात.

तिसरं आणि चौथं काम हातांचं. मुख्य छत्री उघडण्याची मूठ सहसा पाठपिशवीच्या तळाशी उजव्या बाजूला असते. बिघडलेली छत्री सोडून देण्याची मूठ छातीवर उजवीकडे आणि राखीव छत्रीची डावीकडे. उजवा हात नसेल तर मुख्य मूठ डाव्या बाजूला आणता येते. एकाच हाताने दोन मुठी लागोपाठ ओढायला वेळ पुरत नसेल, तर दोन्ही कामं एकाच मुठीत आणणारी रचना बसवता येते. बिघडलेली छत्री सोडताच राखीव छत्री आपोआप उघडण्याची सोयही आज सर्रास असते. हा सगळा बदल घरी बसून करायचा नाही. प्रमाणपत्र असलेला छत्री-कारागीर तो करतो आणि विद्यार्थी जमिनीवर टांगलेल्या जोत्यात शेकडो वेळा त्या मुठी शोधण्याचा सराव करतो. अडीच हजार फुटांवर माणूस अजून पूर्ण वेगाने पडत असेल तर त्याच्याकडे उरतात साधारण 14 सेकंद.

यातूनही हात चालले नाहीत तर? 1991 मध्ये जर्मनीत ‘सायप्रेस’ नावाचं छोटं यंत्र बाजारात आलं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. माणूस जमिनीपासून सुमारे 225 मीटरवर येऊनही पडण्याचा वेग धोकादायक असेल, तर ते राखीव छत्रीचं बंधन आपणहून कापतं. विद्यार्थ्यांच्या पाठपिशवीत असं यंत्र असतंच. पण ते शेवटचा आधार आहे, प्रशिक्षणात कुणी त्याच्या भरवशावर राहायचं नसतं.

पाचवं काम उतरण्याचं, आणि अपंगत्व असलेल्यांच्या प्रशिक्षणात सर्वांत जास्त डोकं इथेच लावावं लागतं. आजची चौकोनी छत्री म्हणजे कापडाचा पंखच. ती खाली येता येता पुढेही सरकत असते, विद्यार्थ्यांच्या मोठ्या छत्रीतही ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही ब्रेक (छत्री वळवण्याच्या दोऱ्या) एकाच वेळी पूर्ण खाली ओढायचे, म्हणजे छत्रीचा पुढचा आणि खाली येण्याचा वेग दोन्ही मोडतात. एक हात असणाऱ्यासाठी दोन्ही ब्रेक एका दांडीला जोडता येतात. पाय नसलेले किंवा पायांवर भार घेऊ न शकणारे सहसा उभे उतरत नाहीत. ते पाय पुढे उचलून नितंबांवर घसरत थांबतात. कमरेखाली ताकद नसेल तर गुडघ्यांमागून गेलेली पट्टी असते, ती हाताने ओढून पाय वर घेतात आणि मग ब्रेक धरतात. पाय वेळेत वर आले नाहीत तर ते शरीराखाली दुमडतात.

ही शेवटची बाब हलकी नाही. वर्षानुवर्षं भार न घेतलेली पायाची हाडं ठिसूळ झालेली असतात. साध्या आदळण्याने ती मोडू शकतात आणि संवेदना नसल्याने मोडल्याचं कळतही नाही. म्हणून उतरल्यावर पाय तपासून पाहण्याचा शिरस्ता असतो. पट्ट्यांच्या दाबाने त्वचेला जखम झाली का, हेही पाहावं लागतं. 13,000 फुटांवर जमिनीपेक्षा सुमारे पंचवीस अंश सेल्सियस थंडी जास्त असते, आणि मज्जारज्जूला इजा झालेलं शरीर तापमान नीट सांभाळू शकत नाही. ज्यांना फिट येते किंवा अचानक शुद्ध हरपते, त्यांना मात्र कोणताही शहाणा प्रशिक्षक एकट्याने सोडणार नाही.

धोका किती, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नोंदीनुसार 2023 मध्ये तिथे साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि 10 मृत्यू झाले. जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. कित्येक अपघात व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीजवळ चुकीचं वळण घेतल्याने होतात. उतरण्याच्या सरावावर एवढा भर असतो तो त्यामुळेच.

आधीपासून उडणाऱ्याला अपंगत्व आलं तर शिकणं सोपं होतं का? डॅना बोमन यांची कहाणी इथे बोलकी आहे. ‘गोल्डन नाइट्स’ पथकातले हे सार्जंट 6 फेब्रुवारी 1994 रोजी युमा इथेच सराव करत होते. दोन जवान हवेत एकमेकांपासून दूर जाणार आणि परत वळून एकमेकांच्या बाजूने निघून जाणार, असा कार्यक्रम होता. अंतर चुकलं आणि ते एकमेकांवर आदळले. सहकारी होजे अगिलॉन यांचा मृत्यू झाला. बोमन यांचे दोन्ही पाय तुटले, एक गुडघ्याखाली आणि एक वर. नऊ महिन्यांनी त्यांनी छत्रीने उतरून लष्करात पुन्हा भरती होण्याची शपथ घेतली. अमेरिकी लष्करात दोन्ही पाय गमावून पुन्हा भरती झालेले ते पहिले सैनिक. हवेतलं त्यांचं कौशल्य गेलेलं नव्हतं, पण ज्या शरीराने ते शिकलं होतं ते बदललं होतं. मेजर सिंग यांचा प्रवास उलट दिशेचा. त्यांच्याकडे मोडायच्या जुन्या सवयी नव्हत्या आणि आधार घ्यायला जुना अनुभवही नव्हता.

या दोघांच्या मागे लष्कर होतं, हे विसरून चालणार नाही. विमान, प्रशिक्षक, डॉक्टर, कृत्रिम पाय, सगळं एका छताखाली मिळालं. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र तर 1944 पासून आपल्या पुण्यातच आहे. सामान्य नागरिकाला हे सगळं स्वतः जुळवावं लागतं आणि अडचणी विमानात चढण्याआधीच सुरू होतात. उडीच्या विमानात सहसा खुर्च्या नसतात, लोक जमिनीवर दाटीवाटीने बसतात. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला दारापर्यंत उचलून न्यावं लागतं किंवा सरपटत जावं लागतं. उतरल्यावर खुर्ची मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असते, ती गाडीतून आणावी लागते. छत्रीची घडी जमिनीवर गुडघे टेकून घालतात, ती कशी घालायची हेही ठरवावं लागतं.

भारताचा कायदा अशा नागरिकांच्या बाजूने उभा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये सरकारने दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनासाठी आणि मनोरंजनासाठी काय करायचं ते सांगितलं आहे आणि त्यात साहसी उपक्रमांतला सहभाग सुकर करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मैदानं मात्र थोडी आहेत. हरियाणात नारनौलजवळ नागरिकांसाठी स्कायडायव्हिंग चालतं. परवाना मिळवायचा म्हटलं की बरेच भारतीय थायलंड, स्पेन किंवा अमेरिकेची वाट धरतात.

ज्याला खरोखर शिकायचं आहे त्याने सुरुवात मैदानापासून न करता आपल्या डॉक्टरापासून करावी, हाडांची घनता आणि त्वचेची तपासणी करून घ्यावी. मग बोगद्यात काही सत्रं, त्यानंतर एक टँडम उडी, तीही प्रशिक्षकाला पाय कसे वळतात ते पाहता यावं म्हणून. मैदानाला पत्र लिहिताना निदानाचं नाव सांगून थांबू नये. कोणत्या हाताने किती जोर लावता येतो, पाय किती उचलता येतात, काय दिसतं, काय ऐकू येतं, हे एकेक करून लिहावं. अशाच शरीराला पूर्वी शिकवलेला प्रशिक्षक तिथे आहे का, हेही विचारावं. अमेरिकेत पहिल्या पायरीच्या ‘अ’ परवान्यासाठी किमान 25 उड्या लागतात, शिवाय अचूक उतरणं आणि छत्रीची घडी यांसारखी कौशल्यं दाखवावी लागतात. कृत्रिम पाय लावून आलेल्या उमेदवारासाठीही ही यादी तीच असते.